वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मानसिक आजाराची औषधे कशी सांभाळावीत?

"डॉक्टर, ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. उलट्या होतात, हात थरथरतात. अशक्तपणाच असेल ना?"

असा प्रश्न घेऊन कोणी आले की मी आधी विचारतो, मानसिक आजाराची कोणती गोळी चालू आहे का? उत्तर लगेच येत नाही. कुणाला ते चारचौघांत सांगायचे नसते, तर कुणाला त्याचा पोटाच्या ऑपरेशनशी संबंध आहे असे वाटत नाही. पण ती गोळी लिथियमची असेल, तर हा अशक्तपणा नसून औषधाची विषबाधा असू शकते. अशा वेळी एक दिवस थांबणेही महागात पडते.

मी लाखनीत जनरल प्रॅक्टिस करतो. वजन कमी करण्याच्या म्हणजे बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेसाठी आमच्याकडचे लोक सुमारे 80 किलोमीटरवरच्या नागपूरला जातात, काही जण मुंबई-पुण्याला. काही दिवसांत ते घरी परततात. सर्जन एका शहरात, मानसोपचारतज्ज्ञ दुसऱ्या दवाखान्यात आणि त्रास सुरू झाला की रुग्ण गावातल्या डॉक्टरसमोर, अशी स्थिती असते. तिघांकडे तीन वेगळ्या चिठ्ठ्या असतात. सर्वाधिक चुका याच फटीत होतात. ही फट रुग्ण आणि घरचे लोक कशी बुजवू शकतात, ते या लेखात सांगितले आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

• शस्त्रक्रियेनंतर पोट आणि आतडे बदलते. त्यामुळे त्याच गोळीचा परिणाम कमी किंवा जास्त होऊ शकतो.
• मानसिक आजाराची औषधे स्वतःहून बंद करू नका आणि डोस स्वतःहून बदलू नका.
• लिथियम घेणाऱ्यांनी रक्तातली पातळी वारंवार तपासायला हवी.
• सतत उलट्या, गोंधळलेपणा, तोल जाणे ही लक्षणे 'मानसिक' समजून घरी थांबू नका.
• सर्व औषधांचा एकच कागद करा आणि तो प्रत्येक डॉक्टरला दाखवा.

गोळी तीच, पण पोट बदललेले

आपल्याकडे प्रामुख्याने दोन प्रकारच्या शस्त्रक्रिया होतात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा जास्त भाग काढून टाकतात आणि उरलेले जठर नळीसारखे होते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. त्यामुळे अन्न आणि औषध आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून जातच नाही. मिनी बायपास हा त्याचाच एक प्रकार आहे.

गोळीवर याचा परिणाम असा होतो:

• जठरात आम्ल कमी होते, शिवाय शस्त्रक्रियेनंतर काही महिने ॲसिडिटीची गोळी चालू असते. काही गोळ्या विरघळायला आम्ल लागते.
• जठर घुसळण्याचे काम पूर्वीसारखे करत नाही, त्यामुळे गोळी नीट फुटत नाही.
• बायपासमध्ये औषध शोषणाऱ्या आतड्याची लांबी कमी होते.
• पातळ औषध किंवा लवकर विरघळणारी गोळी मात्र पटकन पुढे सरकून एकदम जास्त प्रमाणात रक्तात जाऊ शकते.
• सुरुवातीला खाणे-पिणे फार कमी असते. शरीरातले पाणी आणि मीठ घटते.
• पुढच्या महिन्यांत वजन आणि चरबी कमी होते, तसा औषधाचा शरीरातला हिशोब पुन्हा बदलतो.

म्हणून सगळ्या औषधांना लागू पडेल असा एकच नियम नाही. अमेरिकेत 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, नैराश्याच्या गोळ्या घेणाऱ्या 12 जणांची गॅस्ट्रिक बायपासआधी आणि नंतर रक्ततपासणी केली गेली. एका महिन्यानंतर 12 पैकी 8 जणांमध्ये रक्तात पोचणाऱ्या औषधाचे प्रमाण आधीच्या सरासरी 54 टक्क्यांवर आले होते. सहा महिन्यांपर्यंत त्या आठपैकी सहा जणांचे प्रमाण पूर्ववत झाले किंवा वाढले. पहिल्या महिन्यात बिघडलेले गणित पुढे सुधारू शकते, पण प्रत्येकाचे सुधारेलच असे नाही. म्हणून एकदा डोस ठरवून विसरून जाणे इथे चालत नाही.

शस्त्रक्रियेआधी काय करावे?

मानसिक आजार आहे म्हणून शस्त्रक्रिया करताच येत नाही, असे नाही. आजार आटोक्यात असेल आणि औषधे नियमित असतील तर अनेकांची शस्त्रक्रिया व्यवस्थित होते. मात्र आजार सर्जनपासून लपवू नका. तो लपवला तर भूल देणाऱ्या डॉक्टरांपासून आहारतज्ज्ञापर्यंत सगळे अपुऱ्या माहितीवर निर्णय घेतात.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली की मानसोपचारतज्ज्ञांना भेटा आणि हे विचारा:

1. माझ्या गोळ्यांपैकी हळूहळू सुटणारी गोळी कोणती? ती साध्या गोळीत बदलायची का, आणि कधी?
2. पातळ औषध किंवा तोंडात विरघळणारी गोळी मिळते का?
3. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी कोणती गोळी घ्यायची, कोणती थांबवायची?
4. कोणत्या औषधाची रक्तातली पातळी आताच तपासून ठेवायची? पुढे तुलनेला ती उपयोगी पडते.
5. शस्त्रक्रियेनंतर पहिली भेट किती दिवसांनी?

औषधांचा एकच कागद करा. त्यावर आजाराचे नाव, प्रत्येक औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅम, वेळ, शेवटची रक्ततपासणी आणि दोन्ही तज्ज्ञांचे फोन नंबर लिहा. मूळ नाव म्हणजे सर्ट्रालीन, रिस्पेरिडोन वगैरे. ब्रँड बदलला तरी ते बदलत नाही. शस्त्रक्रियेचा प्रकारही लिहा, कारण स्लीव्ह की बायपास हे माहीत नसेल तर गावातल्या डॉक्टरला अंदाज बांधावा लागतो. कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी खास सूचना. शस्त्रक्रियेआधी धूम्रपान बंद करायला सांगतात आणि ते करायलाच हवे. पण विडीच्या धुरामुळे यकृतातले एक एन्झाइम जास्त काम करते आणि क्लोझापिन व ओलान्झापिन ही औषधे शरीरातून लवकर निघून जातात. विडी सुटली की काही दिवसांतच हीच औषधे रक्तात वाढू लागतात. झोप, गुंगी, बद्धकोष्ठता वाढते, आणि क्लोझापिनची पातळी फार वाढली तर झटकेही येऊ शकतात. म्हणून विडी सोडण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना कळवा. खर्रा किंवा तंबाखू चघळण्याचा या एन्झाइमवर असा परिणाम होत नाही, कारण तो धुराचा गुण आहे. म्हणून खर्रा चालेल असे मात्र समजू नका. शस्त्रक्रियेची जखम आणि जोड भरून येण्यासाठी तंबाखू कोणत्याही रूपात नको.

पहिल्या काही आठवड्यांत गोळी कशी घ्यायची?

सुरुवातीला आहार पातळच असतो. मोठी गोळी अडकते, दुखते किंवा उलटी होते. म्हणून अनेकांना गोळी चुरून घ्यायला सांगतात. इथे एक मोठी चूक होते.

गोळीच्या पाकिटावर नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर, एक्सएल, पीआर अशी अक्षरे असतील तर ती हळूहळू सुटणारी गोळी आहे. ती चुरू नका, चावू नका. दिवसभरात सुटायचे औषध एकदम शरीरात जाईल. न चुरता घेतली तर ती पूर्ण सुटण्याआधीच पुढे निघून जाऊ शकते. म्हणूनच ती शस्त्रक्रियेआधी बदलायची का, हे तज्ज्ञांना विचारायचे. आतड्यात विरघळणाऱ्या, वरून कवच असलेल्या गोळ्याही चुरू नयेत. काही कॅप्सूल उघडून आतले दाणे न चावता घेता येतात, काही घेता येत नाहीत. औषधागणिक विचारून घ्या.

याचा अर्थ हळूहळू सुटणारे प्रत्येक औषध निकामी होते असाही नाही. व्हेन्लाफॅक्सिनच्या अशा कॅप्सूलवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात बायपासनंतर शोषणात मोठा फरक दिसला नव्हता. तेव्हा अक्षरे बघून घाबरून गोळी बंद करू नका, विचारा.

उलटी झाली आणि त्यात गोळी पडली असे वाटले तरी लगेच दुसरी गोळी घेऊ नका. वेळ लिहून ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. दोन डोस ओळीने टिकले नाहीत तर त्याच दिवशी कळवा.

लिथियम: सर्वात जास्त काळजीचे औषध

बायपोलर आजारात लिथियम अत्यंत उपयोगी आहे. पण उपयोगाची पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडे असते. साधारणपणे रक्तातली पातळी लिटरला 0.6 ते 1.0 मिलिमोल ठेवतात. ती 1.5 च्या वर गेली की विषबाधेचा धोका वाढतो. काही रुग्णांना, विशेषतः वयस्कांना, त्याहून कमी पातळीवरही त्रास होतो.

लिथियम मूत्रपिंडातून बाहेर पडते. शरीरात पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंड मिठासोबत लिथियमही धरून ठेवते. शस्त्रक्रियेनंतर खाणे कमी, पाणी घोटाघोटाने, वर उलट्या, अशा स्थितीत डोस न बदलताही पातळी चढते. बायपास आणि स्लीव्ह या दोन्हींनंतर अशा विषबाधेची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे.

आमच्या भागात याला उन्हाळ्याची भर पडते. मे महिन्यात भंडारा जिल्ह्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. शस्त्रक्रिया झालेला माणूस तहान लागली म्हणून तांब्याभर पाणी एकदम पिऊ शकत नाही. रोवणीच्या दिवसांत शेतात दिवसभर वाकून काम करणाऱ्याचेही तेच. म्हणून लिथियम चालू असेल आणि तारीख आपल्या हातात असेल, तर शस्त्रक्रिया ऐन उन्हाळ्यात करायची का, हेही सर्जनशी बोला.

लिथियम घेणाऱ्यांनी पाळायच्या गोष्टी:

• शस्त्रक्रियेआधी लिथियमची पातळी, क्रिएटिनिन, सोडियम आणि थायरॉइड तपासून घ्या.
• शस्त्रक्रियेनंतर पातळी किती वेळा तपासायची ते लिहून घ्या. काही तज्ज्ञ पहिले सहा आठवडे दर आठवड्याला, नंतर हळूहळू अंतर वाढवत वर्षभर तपासायला सुचवतात.
• रक्त शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी द्या. रात्री 9 ला गोळी घेतली तर सकाळी 9 ला, सकाळची गोळी घेण्याआधी.
• तपासणी लिथियमची आहे हे लॅबला सांगा. लिथियम हेपॅरिन असलेल्या नळीत रक्त घेतले तर पातळी खोटी जास्त येते.
• दिवसभर घोट घोट पाणी पीत राहा. जेवणातले मीठ एकदम बंद करू नका. रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितले असेल तर दोन्ही डॉक्टरांना कळवा.
• आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या दुखण्याच्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या लिथियमची पातळी वाढवतात. विचारल्याशिवाय घेऊ नका.

हात जोरात थरथरणे, उलट्या-जुलाब, चालताना झोक जाणे, जीभ जड होणे, खूप झोप येणे, गोंधळणे यांपैकी काही दिसले तर पुढची लिथियमची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. फोन लागत नसेल तर थेट रुग्णालय गाठा. गावातून नमुना मोठ्या लॅबकडे पाठवला तर रिपोर्टला वेळ लागू शकतो. लक्षणे असताना रिपोर्टची वाट बघत घरी बसू नका.

इतर औषधांबद्दल काय लक्षात ठेवावे?

नैराश्य, चिंता आणि मंत्रचळाच्या गोळ्या. सर्ट्रालीन, एस्सिटालोप्रॅम, फ्लुओक्सेटिन, ड्युलोक्सेटिन वगैरे. शोषण कमी झाले तर जुनी लक्षणे परततात किंवा औषध अचानक तुटल्यासारखा त्रास होतो: चक्कर, चिडचिड, झोप न लागणे, डोक्यात वीज चमकल्यासारखे वाटणे. पहिल्या दोन महिन्यांत असे झाले तर 'ऑपरेशनचा ताण' म्हणून सोडून देऊ नका.

स्किझोफ्रेनिया आणि तत्सम आजारांची औषधे. लुरासिडोन हे औषध किमान 350 कॅलरीच्या आणि झिप्रासिडोन सुमारे 500 कॅलरीच्या जेवणासोबत घ्यावे लागते, नाहीतर ते नीट शोषले जात नाही. शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला एका वेळी अर्धी वाटी पेजही संपत नाही, तिथे एवढे जेवण जाणे शक्य नसते. ही औषधे चालू असतील तर पर्याय आधीच ठरवायला हवा. ओलान्झापिन आणि रिस्पेरिडोनच्या तोंडात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात. त्या गिळायला सोप्या असतात, पण औषध शेवटी आतड्यातूनच शोषले जाते हे लक्षात ठेवा. काही रुग्णांना दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचे इंजेक्शन चालते. ते स्नायूत दिले जात असल्याने पोटाचा प्रश्न येत नाही.

क्लोझापिन. सलग 48 तासांहून जास्त खंड पडला तर जुन्या डोसवर परत सुरू करायचे नसते. रक्तदाब एकदम पडू शकतो. अगदी कमी डोसपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू करावे लागते. या औषधाने बद्धकोष्ठता होते आणि शस्त्रक्रियेनंतर ती जास्त धोक्याची ठरते. तीन दिवस शौचाला झाले नाही तर कळवा.

लॅमोट्रिजिन. सलग पाच दिवसांहून जास्त गोळी चुकली तर पूर्ण डोस लगेच सुरू करू नका. अंगावर गंभीर पुरळ येण्याचा धोका असतो. अशा वेळी पुन्हा कमी डोसपासून चढावे लागते.

झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम. लठ्ठपणात अनेकांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असतो. त्यात शस्त्रक्रियेनंतरची तीव्र वेदनाशामके आणि या गोळ्या एकत्र आल्या तर श्वास मंदावू शकतो. पण बरेच महिने चालू असलेली गोळी अचानक बंद केली तर झटके येऊ शकतात. म्हणून ती किती आणि कशी कमी करायची, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

थायरॉइडची गोळी. लिथियम घेणाऱ्यांपैकी काहींना थायरॉक्सिन घ्यावे लागते. शस्त्रक्रियेनंतर कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्याही सुरू होतात. या दोन्ही थायरॉक्सिनपासून चार तास लांब ठेवा, नाहीतर ते शोषले जात नाही. थायरॉइड कमी पडले तरी मन उदास होते.

मानसिक वाटते, पण कारण शरीरात असते

मानसिक आजार असलेल्या माणसाला काही झाले की घरचे आणि कधी कधी डॉक्टरही म्हणतात, 'याचे जुनेच आहे.' शस्त्रक्रियेनंतर तीन गोष्टी आधी तपासायला हव्यात.

पहिली, जीवनसत्त्व ब-1 म्हणजे थायमिनची कमतरता. शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. उलट्या थांबत नसतील तर गोंधळ, डोळ्यांची विचित्र हालचाल किंवा दोन-दोन दिसणे आणि तोल जाणे सुरू होते. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. अशा रुग्णाला नुसते ग्लुकोजचे सलाइन लावणे धोक्याचे आहे. थायमिनचे इंजेक्शन आधी किंवा सोबत द्यावे लागते. म्हणून दवाखान्यात गेल्याबरोबर 'वजनाचे ऑपरेशन झाले आहे आणि इतके दिवस उलट्या आहेत' हे वाक्य सांगा. सलाइन लावून घ्यायला आलात तरी सांगा.

दुसरी, ब-12 ची कमतरता. ती महिन्यांनी दिसते. हातापायांत मुंग्या, विसरभोळेपणा, उदासी, क्वचित भास. लोह, फोलिक ॲसिड आणि ड जीवनसत्त्वही तपासावे लागते. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात. वजन उतरले म्हणून त्या बंद करायच्या नाहीत.

तिसरी, जेवणानंतर साखर घसरणे. गोड किंवा पिठूळ खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी घाम, धडधड, थरथर, घाबरल्यासारखे होते. हा चिंतेचा झटका वाटतो. त्याच वेळी ग्लुकोमीटरवर साखर बघा. कमी आली तर उपाय आहारात आहे, चिंतेची गोळी वाढवण्यात नाही.

दुखण्याच्या गोळ्या आणि दारू

अंग दुखले की मेडिकलमधून गोळी आणायची सवय आपल्याकडे सगळ्यांनाच आहे. बायपासनंतर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. सोबत सर्ट्रालीनसारखी नैराश्याची गोळी चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. ट्रामाडॉल आणि नैराश्याच्या गोळ्या एकत्र घेतल्यानेही झटके किंवा गंभीर त्रास होऊ शकतो. पॅरासिटामॉल साधारणपणे सुरक्षित आहे, तरी डोस विचारून घ्या.

दारूबद्दल स्पष्ट बोलायला हवे. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपासनंतर, दारू लवकर आणि जास्त चढते. पूर्वी पचत असे तेवढीच मोहाची किंवा विदेशी घेतली तरी परिणाम वेगळा होतो. अमेरिकेतल्या 2012 च्या एका मोठ्या अभ्यासात दारूच्या समस्येचे प्रमाण शस्त्रक्रियेआधी 7.6 टक्के होते, ते दुसऱ्या वर्षी 9.6 टक्के झाले. मानसिक आजाराच्या औषधांसोबत दारू तशीही नको. आधी व्यसन असेल तर शस्त्रक्रियेआधीच सांगा.

मूल होण्याच्या वयातील महिलांसाठी

वजन उतरले की थांबलेली पाळी परत येते आणि गर्भ राहण्याची शक्यता वाढते. शस्त्रक्रियेनंतर साधारण 12 ते 18 महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. बायपासनंतर किंवा उलट्या-जुलाब चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. कॉपर-टीसारखा पर्याय विचारा. व्हॅल्प्रोएट किंवा डायव्हॅल्प्रोएट चालू असेल तर ही बाब फार गंभीर आहे. या औषधाने बाळात जन्मजात दोष आणि मेंदूच्या वाढीचे प्रश्न निर्माण होऊ शकतात. गर्भ राहिल्यावर नव्हे, त्याआधीच मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. पण भीतीपोटी गोळी स्वतःहून थांबवू नका.

घरच्यांनी काय बघावे?

पहिले काही महिने सगळे कौतुक करतात. कपडे सैल होतात, मन उत्साही असते. नंतर वजन उतरण्याचा वेग मंदावतो, भेटी कमी होतात, आणि 'आता तर सगळे ठीक आहे' म्हणून लक्ष सुटते. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील 8,815 रुग्णांच्या अभ्यासात, स्वतःला इजा करून घेतल्यामुळे तातडीने रुग्णालयात यावे लागण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतरच्या तीन वर्षांत आधीच्या तुलनेत सुमारे 50 टक्क्यांनी वाढलेले दिसले. त्यातले बहुतेक प्रसंग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातले होते. शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेकांच्या बाबतीत असे घडत नाही. पण नजर दोन-तीन वर्षे ठेवायची आहे, दोन महिने नाही.

झोप बदलणे, गप्प राहणे, जेवण टाळणे, अकारण चिडणे, खूप बोलणे किंवा उधळपट्टी, 'मी नसलो तर बरे' अशी भाषा, गोळ्या साठवून ठेवणे, यांपैकी काही दिसले तर थेट पण शांतपणे विचारा. 'तुमच्या मनात मरण्याचे विचार येतात का?' असे विचारल्याने विचार पेरला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. घरातली औषधे आणि शेतीची कीटकनाशके कुलपात ठेवा.

ताबडतोब मदत कधी घ्यावी?

108 ला फोन करा किंवा जवळचे रुग्णालय गाठा, जर:

• दिवसभर पाणीही पोटात टिकत नसेल किंवा लघवी फार कमी झाली असेल
• गोंधळ, बेशुद्धी, झटका, तोल जाणे, दोन-दोन दिसणे असेल
• लिथियम चालू असून थरथर आणि उलट्या असतील
• रक्ताची उलटी, काळी शौच किंवा पोटात असह्य दुखणे असेल
• अंगावर पुरळ आणि तोंडात फोड आले असतील
• स्वतःला इजा करण्याचा विचार किंवा प्रयत्न असेल

मन मोकळे करायला किंवा सल्ल्यासाठी टेलिमानस 14416 हा नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येते. नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माहिती भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात मिळेल.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वजन उतरले, मन प्रसन्न आहे. आता गोळ्या बंद करू का?
प्रसन्न वाटण्यात गोळ्यांचाही वाटा असू शकतो. कमी करायच्या असतील तर मानसोपचारतज्ज्ञ हळूहळू कमी करतील. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले वर्ष मुळातच बदलांचे असते, त्यामुळे घाई नको.

माझे वजन मानसिक आजाराच्या गोळीनेच वाढले होते. पुन्हा वाढेल का?
ओलान्झापिन, क्लोझापिन, व्हॅल्प्रोएट, मिर्टाझापिन यांनी वजन वाढू शकते. ही शंका योग्य आहे आणि ती तज्ज्ञांसमोर मांडा. काही वेळा दुसरे औषध देता येते. आजार उलटला तर आहार, व्यायाम, जीवनसत्त्वे सगळेच कोलमडते, हेही त्या निर्णयात धरावे लागते.

शस्त्रक्रियेऐवजी वजनाची इंजेक्शने घेतली तर?
सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडने आतड्याची रचना बदलत नाही. पण मळमळ, उलट्या आणि कमी खाणे होते. लिथियम चालू असेल तर पाण्याची आणि रक्ततपासणीची तीच काळजी घ्या.

शेजाऱ्यांना कळू नये म्हणून गावातल्या डॉक्टरला सांगितले नाही तर चालेल का?
तुमची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. लोकांसमोर बोलायचे नसेल तर औषधांचा कागद नुसता हातात द्या, आम्ही वाचून घेऊ. रात्री अकराला उलट्या करत आलात, तर तुमच्यासोबत तो कागद असणे आम्हाला सर्वात जास्त उपयोगी पडते.

सूचना: हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या औषधांतला कोणताही बदल तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना आणि सर्जनना विचारूनच करा.